नळी खाली, बंदूक खाली

निवडणूक जाहीर झाली की आमच्या घरची बंदूक पोलीस ठाण्यात मुक्कामाला जाते. शस्त्र जमा करायची नोटीस हातात पडली की माझे वडील, अण्णा, तिला तेल लावून पुसायचे, जुन्या घोंगडीत गुंडाळायचे आणि सकाळच्या पहिल्या बसने बेळगावकडचं खानापूर गाठायचे. मतमोजणी होऊन गेली की तशीच परत आणायचे. मी नऊ-दहा वर्षांची असताना पहिल्यांदा त्यांच्याबरोबर गेले. टेबलापलीकडचे हवालदार धारवाडकडचे असावेत, मराठी त्यांना येत नव्हतं. घोंगडीकडे बघत त्यांनी विचारलं, "खाली ऐतेन्री?" अण्णांनी घोंगडी सोडली, बंदुकीच्या मानेवरची कळ अंगठ्यानं बाजूला सारली आणि दोन्ही नळ्या जमिनीकडे झुकल्या. "खाली ऐत्री," अण्णा म्हणाले. हवालदारांनी वाकून नळ्यांतून पाहिलं आणि नोंदवहीत नंबर लिहिला.

परतताना मी अण्णांना म्हटलं, हवालदारांनी नळी खाली आहे का विचारलं आणि तुम्ही ती खाली केलीत ना? अण्णा चालता चालता थांबले. कानडीत खाली म्हणजे रिकामी, हे त्यांनी मला समजावलं. मग जरा वेळानं स्वतःशीच म्हणाले, "बरोबर आहे की. नळी खाली, बंदूक खाली." तेव्हापासून हे आमच्या घरातलं वाक्य झालं. बंदूक खुंटीवरून काढणाऱ्यानं ते आधी करून दाखवायचं, मग बाकीचं बोलायचं.

आमचं गाव जांबोटीच्या पुढं, कणकुंबीच्या अलीकडं. मलप्रभा उगवते तो हा भाग. भात, थोडा ऊस, माळावर काजू, चार गुंठे रताळी. चारी बाजूंनी रान. २०११ मध्ये भीमगड अभयारण्य झालं, पण डुकरं, गवे आणि अस्वलं त्याच्या आधीपासून आमच्या बांधावर येतात. भात दुधावर आलं की महिनाभर रात्री राखणीला जावं लागतं. डबडी वाजवायची, हाका घालायच्या, सुतळी बॉम्ब लावायचे. त्यालाही कळप बधला नाही तर एक बार काढायचा. आमच्याकडे बंदूक आहे ती एवढ्यासाठी.

अण्णा आता ७४ वर्षांचे आहेत. मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला माणूस. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून रात्री शेतातल्या माळ्यावर, म्हणजे मचाणावर, चढत नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांत एक चांगली सोय आहे. परवानाधारकानं सत्तरी गाठली, किंवा शस्त्र त्याच्याकडे २५ वर्षं राहिलं, तर त्याच्या हयातीतच वारसाला ते आपल्या नावावर मागता येतं. भाऊ पुण्यात असतो, त्यानं हरकत नसल्याचं लिहून दिलं. मी खानापुरात शिकवते, शेत मीच बघते आणि राखणीलाही मीच जाते. तेव्हा अर्ज मी केला. डॉक्टरांचा दाखला, शस्त्र हाताळणीचं प्रशिक्षण, डीसी ऑफिसच्या (जिल्हाधिकारी कचेरीच्या) फेऱ्या, सगळं रीतसर झालं. प्रश्न उरला तो एकच, आणि तो मला वाटला होता त्यापेक्षा फार मोठा निघाला. परवान्यावर कोणती बंदूक लिहायची?

पहिलं उत्तर सरळ होतं: आहे तीच. आमची जुनी दुनळी आजोबांनी बेळगावच्या कॅम्पात कोणाकडून तरी हातबदल घेतली होती, बेळगाव मुंबई राज्यात होतं तेव्हा. तिच्याबरोबरच्या जुन्या परवाना-पुस्तकात पहिल्या पानांवर मुंबई सरकारचे शिक्के आहेत. १ नोव्हेंबर १९५६ नंतरची पानं म्हैसूर राज्याची, १९७३ नंतरची कर्नाटकाची. एवढ्या सगळ्या काळात बंदूक मात्र माजघरातल्या त्याच खुंटीवर होती. ती सोडून दुसरी घ्यायची हा विचारही माझ्या मनात नव्हता. अण्णाच म्हणाले, "नावावर घ्यायच्या आधी मिस्त्रींना दाखव. मी वापरली म्हणून तू वापरावीस असं नाही."

बेळगावात एक म्हातारे मिस्त्री आहेत. दुकान लहान, समोर एक जाड लाकडी बाक, त्याला पकड. आम्ही दोघं गेलो. मिस्त्रींनी बंदूक हातात घेतली, सवयीनं मोडली (आमच्याकडे बंदूक उघडण्याला मोडणं म्हणतात), आत बघितलं आणि मग पुढचं लाकूड काढून नळ्या सुट्या केल्या. नळ्यांच्या बुडाशी जो आकडा असतो त्यात करंगळी अडकवून त्यांनी त्या हवेत लोंबत्या धरल्या आणि दुसऱ्या हाताच्या नखानं टिचकी मारली.

"ऐका अक्का," ते म्हणाले.

पहिल्यांदा मला काहीच कळलं नाही. मग त्यांनी भिंतीवरच्या दुसऱ्या एका बंदुकीच्या नळ्या तशाच टांगून टिचकी मारली. देवळातली लहान घंटा वाजावी तसा नाद निघाला आणि तो चांगला रेंगाळला. आमच्या नळ्यांचा आवाज मात्र तडकलेल्या मडक्यासारखा बद्द होता. दुनळीच्या दोन नळ्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात, वर आणि खाली एकेक पट्टी डाख देऊन बसवलेली असते. डाख कुठं सुटला की नाद मरतो. सुटलेल्या जागेतून पावसाळ्याची ओल आत शिरते, आणि दोन नळ्यांच्या मधल्या पोकळीतला गंज बाहेरून कधीच दिसत नाही. कणकुंबीकडच्या पावसात ही बंदूक सत्तरएक वर्षं राहिली होती.

मग त्यांनी नळ्या परत बसवल्या, पण पुढचं लाकूड लावलं नाही. दस्ता, म्हणजे खांद्याला लावायचं मागचं लाकूड, धरून बंदूक हलकेच हलवली. खुट, खुट. पुढच्या लाकडाचा दाब असला की ही ढिलाई लपते, म्हणून ते काढून बघायचं. त्यांनी बंदूक ट्यूबलाइटसमोर आडवी धरली. नळ्यांचं बूड ज्या पोलादी भिंतीला टेकून बसायला हवं, त्या दोघांच्या मधून उजेडाची केसाएवढी रेघ दिसत होती. बार उडतो तेव्हा काडतुसाचं पितळी बूड याच भिंतीवर आदळतं. तिथं फट म्हणजे दर बाराला थोडी आणखी फट.

सगळ्यात शेवटी त्यांनी भिंग घेतलं. नळ्यांच्या सपाट पोटावर बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसचे शिक्के होते, बारीक मुकुटासारखे. इंग्लंडात प्रत्येक नळी विकायच्या आधी जादा दारू भरून उडवून बघतात आणि टिकली तरच शिक्का मारतात. बर्मिंगहॅमचं प्रूफ हाऊस १८१३ च्या कायद्यानं उभं राहिलं. आमच्या नळ्यांवर काळ्या दारूच्या चाचणीचा शिक्का होता, आजच्या बिनधुराच्या दारूच्या चाचणीचा नव्हता. त्यात नळ्या दमास्कसच्या. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या एकत्र पिळून, तापवून, सळईभोवती वेटोळी घालून ठोकलेल्या. त्यामुळे पृष्ठभागावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी उमटते. लहानपणी मी त्या नक्षीवरून बोट फिरवत बसायची. मिस्त्रींनी सांगितलं, प्रत्येक लाटेच्या कडेला एक जोड आहे, आणि असे जोड हजारो आहेत.

आणखी एक गोष्ट निघाली, तिनं अण्णांचा चेहरा उतरला. काडतूस ज्या खोबणीत बसतं तिची लांबी अडीच इंच होती, काडतुसांच्या मापात ६५ मिलिमीटर. दुकानात हल्ली बहुतेक काडतुसं ७० मिलिमीटरची मिळतात. गोम अशी की हा आकडा उडालेल्या काडतुसाचा असतो. न उडालेल्या काडतुसाचं तोंड दुमडलेलं असतं, त्यामुळे ते आखूड असतं आणि ६५ च्या खोबणीत बिनबोभाट बसतं. बंदूक छान बंद होते. कुठं काही अडत नाही. पण बार उडाला की दुमड उलगडते, तिला पसरायला जागा नसते, नळीचा गळा आवळला जातो आणि दाब वाढतो. अण्णांनी गेली कित्येक वर्षं मिळतील ती काडतुसं वापरली होती. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, काही बोलले नाहीत.

मिस्त्रींनी भिंग ठेवलं आणि उजव्या घोड्यावरून अंगठा फिरवला. घोडा म्हणजे चाप दाबला की आपटून काडतूस उडवणारा तुकडा; मागं ओढून ताणला की तो चढतो. घोड्याच्या शेपटीवर पकड यावी म्हणून बारीक जाळी कोरलेली असते. ती झिजून गुळगुळीत झाली होती. "हा कधी घसरला होता काय?" त्यांनी विचारलं.

घसरला होता. मी तेव्हा बारा वर्षांची. दिवाळीच्या आधीचे दिवस, अवेळी बुरबुर पाऊस. माळ्यावर अण्णा आणि मी. मध्यरात्रीनंतर खालच्या खाचरात सळसळ झाली. अण्णांनी उजवा घोडा ओढला, त्याचा तो कट आवाज मला अजून ऐकू येतो. बॅटरी मारली तर शेजारच्या काकांची म्हैस, दावं तोडून आलेली. अण्णा हसले. मग चढवलेला घोडा उतरवायला त्यांनी अंगठ्यानं तो धरला आणि चाप दाबला, जसं आजपर्यंत शेकडो वेळा केलं होतं. अंगठा ओला होता.

बार माळ्याच्या छपरातून वर गेला. मला कानात फक्त एक लांब शीळ ऐकू येत होती. तोंडात दारूची कडवट चव, अंगावर गवताचा चुरा. अण्णांनी बंदूक खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी माझं डोकं, मान, खांदे चाचपले, पुन्हा पुन्हा चाचपले. रात्रभर ते एक शब्द बोलले नाहीत. छपराला पडलेलं भोक त्या हंगामात त्यांनी बुजवलं नाही. त्यातून पाणी गळायचं आणि ते बरोबर स्वतःच्या बसायच्या जागेवर घोंगडी बदलून बसायचे. पुढच्या वर्षी त्यांनी मला बंदूक शिकवली, आणि पहिला धडा हाच होता: चढलेला घोडा भरल्या बंदुकीवर उतरवायचा नाही. आधी मोडायची, काडतुसं काढायची, मग घोडा. नळी खाली, बंदूक खाली.

त्या दिवशी मिस्त्रींच्या दुकानातून निघताना ठरलं की जुनी बंदूक परवानाधारक विक्रेत्याकडे नियमाप्रमाणे जमा करायची आणि नवी बघायची. मग सल्ल्यांना ऊत आला.

माझ्या भाच्याचं म्हणणं होतं, मावशी, तुझ्या अंगकाठीला बारा बोअर झेपणार नाही, वीस घे. बोअरचं हे गणित उलटं चालतं, ते मला अण्णांनी लहानपणीच तोळ्यांत शिकवलं होतं. एक रत्तल शिसं घ्यायचं. त्याच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर एकेक गोळी जेवढ्या नळीत नेमकी बसेल ती नळी बारा बोअरची. एक गोळी सुमारे ३८ ग्रॅमची, म्हणजे सव्वातीन तोळ्यांची. नळीचा व्यास साडेअठरा मिलिमीटर. रत्तलाच्या सोळा केल्या तर सोळा बोअर, व्यास १६.८. वीस केल्या तर वीस बोअर, व्यास १५.६, गोळी दोन तोळ्यांना थोडी कमी. आकडा मोठा तशी नळी बारीक. फक्त चारशेदहा हा आकडा या हिशोबात बसत नाही, तो इंचाचा व्यास आहे, ०.४१० इंच. मैदानात दगडावर ठेवलेला डबा पाडायला ती गोड बंदूक. तिच्या अडीच इंची काडतुसात जेमतेम १४ ग्रॅम छर्रे जातात.

वीस बोअर हलकी असते, हे खरं. हाताला नाजूक वाटते, माळ्याच्या शिडीवरून चढवायला सोपी. पण खांद्याला बसणारा धक्का नळीच्या बारीकपणानं कमी होत नाही. पुढं किती वजन फेकलं आणि मागं किती वजनाची बंदूक आहे, यावर तो ठरतो. विल्यम वेलिंग्टन ग्रीनर या इंग्रज बंदूककारानं घालून दिलेला एक जुना ठोकताळा आहे: छर्ऱ्यांच्या वजनाच्या ९६ पट बंदुकीचं वजन असावं. २८ ग्रॅम छर्ऱ्यांना साधारण २ किलो ७०० ग्रॅमची बंदूक, ३२ ग्रॅमला ३ किलोच्या थोडी वर. म्हणजे तीन किलोच्या बारा बोअरमध्ये मी २८ ग्रॅमचं काडतूस घातलं तर धक्का अगदी सुसह्य. उलट अडीच किलोच्या वीस बोअरमध्ये तेच २८ ग्रॅम घातले तर ती खांदा जास्त दुखवेल. मी मिस्त्रींकडच्या बंदुका खांद्याला लावून बघितल्या तेव्हा कळलं, मला खरी अडचण वजनाची नव्हतीच. दस्ता लांब पडत होता. दस्ता लांब असला की बूड खांद्याच्या खोबणीत न बसता दंडावर सरकतं आणि तिथं काळंनिळं होतं. त्यावर उपाय करवतीचा आहे, बोअर बदलण्याचा नाही.

काडतुसांचाही प्रश्न होताच. बेळगावच्या दुकानात बारा बोअरची काडतुसं मिळतात, खडकीच्या कारखान्यातली शक्तिमान तर अण्णांच्या आवडीची. छर्रे बारीक ते जाड सगळे: सहा नंबरचे, चार नंबरचे, बीबी, वरती एसजी आणि एलजी. वीस आणि सोळासाठी मी विचारलं तर मागवावी लागतील, कधी येतील सांगता येत नाही, असं उत्तर आलं. ऐन सुगीत काडतुसाची वाट बघत बसणं मला परवडणारं नाही.

पण बाराच घ्यायचं माझं पक्कं झालं ते वेगळ्याच कारणानं. आमच्या वाडीत आणखी दोन घरांत बंदुका आहेत, दोन्ही बाराच्या. रात्री राखणीला आम्ही एकमेकांच्या माळ्यावर जातो, काडतुसं उसनी देतो. वीस बोअरचं काडतूस चुकून बाराच्या बंदुकीत टाकलं तर ते मागून पडत नाही आणि खोबणीत थांबतही नाही. ते सरकून पुढं जातं आणि खोबण संपते तिथं अडकतं. मागून बघणाऱ्याला खोबण मोकळी दिसते. त्याला वाटतं, भरायचं राहिलं. तो बाराचं काडतूस घालतो, बंदूक बंद होते, आणि चाप ओढला की डाव्या हाताच्या जागीच नळी फुटते. म्हणूनच वीस बोअरची काडतुसं पिवळ्या रंगाची करतात. पण काळोखात, बॅटरी तोंडात धरून, ओल्या बोटांनी काडतूस चाचपणाऱ्या माणसाला रंग कुठून दिसणार? एका वाडीत एकच बोअर असावा, असं मला मनापासून वाटतं.

राहिला प्रश्न घडणीचा. पंप ॲक्शन, म्हणजे नळीखालची पकड मागंपुढं ओढून काडतूस भरायची बंदूक, मी लगेच बाजूला सारली. तिच्या नळीखालच्या नळकांड्यात किती काडतुसं उरलीत ते बाहेरून दिसत नाही, आणि न दिसणारं काडतूस मला घरात नको. मोडून उघडणारीच हवी होती. तिचा उगम पॅरिसचा, १८३० च्या दशकातला. काझिमिर लेफोशो या कारागिराची बंदूक १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात गाजली आणि इंग्रज बंदूककारांनी ठासणी सोडायला सुरुवात केली. बिजागरीवर नळी झुकते आणि तिची दोन्ही तोंडं मोकळी होतात, एवढीच ती युक्ती.

पण तिच्यातही प्रकार आहेत. एकनळी स्वस्त, हलकी, भरवशाची. तिला बहुधा बाहेर घोडा असतो. आमच्या वाडीतल्या दोन्ही एकनळीच आहेत. मला मात्र दुसरी नळी हवी होती, कारण पहिला बार ऐकून कळप पळतो, अस्वल कधी कधी उलट फिरून उभं राहतं. दुसरा आवाज लगेच झाला तर ते रान धरतं. उभी दुनळी, म्हणजे एकीवर एक नळ्या असलेली, मिस्त्रींकडे एक होती. मैदानावर हवेत फेकलेल्या तबकड्या फोडणारे नेमबाज तीच वापरतात. नेमाची रेघ एकच, बारीक, स्वच्छ. मी ती घेऊन दुकानाच्या बाकाखाली शिरले. माझ्याकडे बघणाऱ्यांना ते विचित्र वाटलं असेल, पण माळ्यावर बसायची जागा तेवढीच असते. बाकाखाली मांडी घालून ती मोडून बघितली. खालच्या नळीतलं काडतूस निघायला नळ्या फार खाली झुकवाव्या लागतात. त्यांचं तोंड माझ्या गुडघ्यापुढच्या फळीला टेकलं, काडतूस अर्धवटच दिसत होतं. आडवी दुनळी त्याच जागेत थोडीशी झुकली आणि दोन्ही खोबणी मोकळ्या झाल्या. पंधरा मिनिटं मी बाकाखाली हेच करत होते. अण्णा स्टुलावर बसून फक्त "आणखी एकदा" म्हणत होते.

मग घोडा बाहेर की आत? बाहेरच्या घोड्याची एक मोठी सोय अण्णांनी स्वतःच सांगितली. काळोखात अंगठा फिरवला की बंदूक चढलेली आहे की नाही ते कळतं. आतल्या घोड्याची घडण बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्स कंपनीतल्या ॲन्सन आणि डीली यांनी १८७५ मध्ये काढली. नळ्या झुकताना एक दांडी आतल्या घोड्यांना ढकलून चढवते. त्यामुळे ती मोडून बंद केली की चढलेलीच असते. बाहेरून काही दिसत नाही. वरच्या खिट्टीनं चाप अडवता येतो, पण आत घोडे ताणलेलेच.

हे ऐकल्यावर मी दोन दिवस विचार केला. आमच्या जुन्या बंदुकीच्या किती अवस्था होत्या! भरलेली पण उतरलेली, एक घोडा चढलेला, दोन्ही चढलेले, एक नळी उडालेली आणि दुसरी भरलेली. त्या रात्री अण्णांचा अंगठा घसरला तो एका अवस्थेतून दुसरीत जाताना. आतल्या घोड्याच्या बंदुकीत मला घोडा उतरवायचाच नाही. ती उघडी आहे किंवा बंद आहे, एवढं एकच बघायचं. बंद असेल तर ती उडू शकते असंच धरून चालायचं. माळ्यावर ती भरून, पण मोडलेलीच मांडीवर ठेवायची. गरज पडली तरच मिटवायची, आणि गरज सरली की पुन्हा मोडायची. मी हे अण्णांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ अंगणातल्या फणसाकडे बघत राहिले. म्हणाले, "मला आत घोड्याची घ्यायची होती. त्या वेळी पैसे नव्हते."

शेवटी घेतली ती देशी बनावटीची, बारा बोअर, आडवी दुनळी, आतल्या घोड्यांची, ७० मिलिमीटर खोबणीची, वजन तीन किलोला लागून. इजेक्टर मुद्दाम नाही घेतला. इजेक्टर रिकामी काडतुसं दूर फेकतो, ती चिखलात हरवतात. साधी उचलणी त्यांना फक्त बोटभर वर आणते. ती मी हातानं काढते, डब्यात टाकते, सकाळी मोजते. मिस्त्रींनी दस्ता पाऊण इंच कापला. कापलेला लाकडाचा तुकडा अण्णांनी मागून घेतला, तो त्यांच्या चष्म्याच्या डबीशेजारी असतो.

एक गोष्ट इथं लिहायलाच हवी. पीकसंरक्षणाचा परवाना हा जनावर मारण्याचा परवाना नाही. गवा आणि अस्वल यांना १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं सगळ्यात वरचं संरक्षण आहे, आणि रानडुक्कर २०२२ च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या अनुसूचीत आहे. परवानगीशिवाय त्याला मारणं गुन्हा. रात्रीत रताळ्याचं रान नांगरल्यासारखं उलथलेलं मी पाहिलं आहे, वर्षाची मेहनत गेल्यावर माणूस काय बोलतो तेही ऐकलं आहे, स्वतःही बोलले आहे. भरपाईचे कागद हलेपर्यंत पुढचा हंगाम येतो. तरीही मी बार काढते तो वरच्या रिकाम्या दरडीच्या अंगाला, बारीक छर्ऱ्यांचा, आवाजासाठी. गेल्या हंगामात असे अकरा बार झाले. अकराही रिकामी काडतुसं डब्यात आहेत.

२०२४ च्या मार्चमध्ये लोकसभा लागली. आमचा खानापूर तालुका बेळगावचा, पण लोकसभेला उत्तर कन्नड मतदारसंघात. मतदान ७ मे ला. नोटीस आली. नव्या बंदुकीची ही पहिलीच फेरी. अण्णा म्हणाले, मी येतो. मी त्याच घोंगडीत ती गुंडाळली आणि आम्ही सकाळच्या बसने निघालो.

ठाण्यात टेबलावर एक तरुण महिला पोलीस होती. तिनं परवाना पाहिला, माझ्याकडे पाहिलं, मग अण्णांकडे. बंदूक कुणाची हे तिला क्षणभर कळलं नसावं. मी घोंगडी सोडली.

"खाली ऐतेन्री?"

मी कळ सारली. नळ्या झुकल्या. मी बंदूक तिच्याकडे वळवली आणि ती वाकून बघू लागली. दाराकडून येणारा सकाळचा उजेड दोन्ही नळ्यांतून तिच्या चेहऱ्यावर पडला, दोन लहान गोल. माझ्या मागं बाकावर बसलेल्या अण्णांनी, तिला ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं, माझ्या आधीच उत्तर दिलं.

"खाली ऐत्री."

तिनं नोंदवही ओढली आणि नंबर लिहायला घेतला.